ती पकड मी शिकवली

आमच्या क्लबने यंदा एक स्मरणपुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, प्रत्येक जुन्या माणसाकडून एकेक पान. माझ्याकडेही मागितलं. "शिंडी, मेट, दोन-चार गोड आठवणी दे," असा निरोप आला. मी पान लिहून दिलं. छापून आलं तेव्हा गोड आठवणी जशाच्या तशा होत्या आणि मधले दोन परिच्छेद गायब होते. विचारलं तर म्हणाले, जागा कमी पडली. शेजारच्या पानावर क्लबच्या नव्या बारचा अर्ध्या पानाचा फोटो होता.

तर त्या दोन परिच्छेदांत जे होतं ते मी इथे लिहितो आहे. हा मराठी अंक काढणारी आमची प्रज्ञा सिडनीत ब्लॅकटाउनला राहते, माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. तिने फोनवर एवढंच विचारलं, "काका, आयत्या वेळी माघार नाही ना घेणार?"

मी म्हटलं, "बाई, माघार घेऊन सात वर्षं झाली. आता पुढे यायचं तेवढं राहिलंय."

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. आडनाव शिंदे. या देशात कुठलंही नाव आहे तसं ठेवत नाहीत, तोडतात नाहीतर त्याला शेपूट लावतात. त्यामुळे चाळीस वर्षं मी शिंडी आहे. सिडनीच्या दक्षिणेला वॉलॉंगॉंगला राहतो. पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्या नोकरीने घर दिलं, मुलं शिकवली, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. सांगायचं आहे ते दुसऱ्या कामाबद्दल. ते आधी शनिवार-रविवारी केलं आणि निवृत्तीनंतर रोज. रग्बी लीगच्या क्लबमध्ये अठरा-एकोणीस वर्षांची मुलं मोठ्या संघात खेळण्यासाठी तयार करायची, हे ते काम.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे तेरा माणसं. ज्याच्या हातात चेंडू तो समोरच्याच्या हद्दीत घुसतो, समोरचे त्याला धरून खाली पाडतात. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांकडे. म्हणजे आपली कबड्डीच. चढाई आहे, पकड आहे, रेषा आहे. फक्त दम कोंडावा लागत नाही आणि चढाई करणारा शंभर-एकशे दहा किलोचा असतो.

कबड्डी मी इस्लामपूरला खेळलो. जिल्ह्याच्या पुढे गेलो नाही, पण जिल्ह्यात माझी कंबर पकड लोक ओळखायचे. चढाई करणारा वळला की मागून कंबरेला मिठी मारायची आणि सरळ खाली बसायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नुसतं बसायचं. माणूस कितीही तगडा असो, कंबरेला पंचावन्न किलोचं पोतं लटकल्यावर तो रेषेपर्यंत जात नाही.

ही पकड मी या देशात पहिल्यांदा केली ती कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत. टीव्हीवर सामना लागला होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असं धरतात होय?" समोर मिक बसला होता. माझ्याच शिफ्टला क्रेन चालवायचा, आडदांड माणूस, हात माझ्या मांडीएवढे.

"उठ. दाखव," मिक म्हणाला.

मी उठलो. तो धावत आला, मी बाजूला झालो, कंबर धरली आणि बसलो. फरशी तेलकट होती. त्याचे पाय सर्रकन पुढे गेले आणि मिक दोन कपाटांच्या मध्ये आडवा.

"हे कुठे शिकलास?" त्याने पडल्या पडल्या विचारलं.

"इस्लामपूरला."

"ते क्वीन्सलँडला आलं का?" त्याच्या लेखी जग या देशातल्या त्या राज्यापाशी संपायचं.

पुढच्या शनिवारी त्याने मला क्लबवर नेलं. पाण्याच्या बाटल्या भरणं, घोट्यांना पट्ट्या बांधणं, बर्फाच्या पिशव्या करणं असं करत करत मी तिथलाच झालो. मिक माझा या देशातला पहिला मित्र, आणि माझ्या मते सर्वांत चांगला.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं, पोर दणकट असलं की झालं. तसं नसतं. खालच्या वयोगटात राजा असलेला मुलगा मोठ्या संघात पहिल्या दहा मिनिटांत माती हुंगतो, कारण त्याच्या शरीराने तेवढा मार कधी घेतलेलाच नसतो. आणि मारापेक्षा आवाज वाईट. दोन मोठी माणसं पूर्ण वेगाने एकमेकांवर आदळली की जो आवाज होतो तो टीव्हीवर ऐकू येत नाही. म्हणून माझा नियम असा होता की मोठ्या संघात खेळण्याआधी तीन सामने त्या मुलाने संघाला पाणी द्यायचं. मैदानाच्या कडेला, दोन हातांच्या अंतरावर उभं राहून तो आवाज कानांत मुरू द्यायचा. मग बेंचवर बसायचं. मग शेवटची वीस मिनिटं. तीही आपल्या मैदानावर, परक्या नाही. पुष्कळ प्रशिक्षकांना हे लाड वाटायचे. वाटू देत. माझ्या पद्धतीने गेलेली मुलं तिशीपर्यंत खेळली आहेत आणि घाईने ढकललेली दुसऱ्या वर्षी घरी बसली आहेत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रत्येक मुलाची अडचण वेगळी. सेमिसी नावाचा टोंगा बेटांकडचा एक मुलगा होता, एकशे बारा किलोचा, स्वभावाने गाय. सामन्याआधी त्याला हमखास उलटी व्हायची. डॉक्टर झाले, आहारवाली बाई झाली. शेवटी मला कळलं की त्याला खेळाची भीती नव्हतीच. त्याचं अख्खं चर्च सामना बघायला यायचं, साठ-सत्तर माणसं, आणि त्याची आजी पहिल्या रांगेत. मी आजीला जाऊन भेटलो. म्हटलं, "आजी, तुम्ही सगळे अर्ध्या वेळानंतर आत या." पुढच्या रविवारी पहिला अर्धा वेळ सगळी मंडळी पार्किंगमध्ये उभी राहून देवाची गाणी म्हणत होती. आत आवाज पुसट येत होता, माणसं दिसत नव्हती. सेमिसीला उलटी झाली नाही. नंतर तो दहा वर्षं मोठ्या संघात खेळला.

दुसरा एक मुलगा चांगला होता, पण त्याचे वडील रोज फोन करायचे. "माझा मुलगा बेंचवर कुजतोय." समजावून थकलो. मग खास परवानगी काढून एका सामन्याला वडिलांनाच माझ्या शेजारी बेंचवर बसवलं. कॉफीचा कप घेऊन ऐटीत बसले. अकराव्या मिनिटाला आमच्यापासून दोन पावलांवर तीन माणसं आदळली. कप कुठे गेला कुणाला कळलं नाही. त्यानंतर फोन आला तो थेट नाताळच्या शुभेच्छांचा.

असे किस्से पुस्तिकेत छापून आले आहेत. आता जे छापलं नाही ते.

मिकचा नातू कूपर. चालायला लागल्यापासून मी त्याला ओळखत होतो. आमच्याकडे दिवाळीला यायचा आणि चकल्या खिशात भरून न्यायचा. अंगाने लहान, पण डोकं तेज. तो मधल्या जागेवर खेळायचा. त्या जागेवरच्या माणसाला सामन्यात सगळ्यात जास्त पकडी कराव्या लागतात. एकोणिसाव्या वर्षी त्याचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो होतं. मी ठरवलं होतं की दीड वर्ष थांबायचं. मिकनेही मान्य केलं होतं. "तू म्हणशील तेव्हा, शिंडी. तुझ्यावर सोडलंय."

एका सोमवारी मोठ्या संघातल्या त्या जागेवरच्या खेळाडूच्या मांडीचा स्नायू फाटला. दुसरा आधीच जायबंदी होता. मोठ्या संघाचा प्रशिक्षक तेव्हा ग्रेग होता. त्याने मला खोलीत बोलावलं.

"रविवारी कूपर बेंचवर बसेल."

मी म्हटलं, "त्याने अजून पाणीसुद्धा दिलेलं नाही."

"तुझ्याकडे सहा दिवस आहेत."

"ग्रेग, निदान दोन महिने तरी..."

"शिंडी, मी तुला विचारत नाहीये."

त्या वेळी मी उठून बाहेर जायला हवं होतं. जायला हवं होतं आणि मिकला फोन करायला हवा होता की, मुलगा तयार नाही, घरी ठेव. वीस वर्षं मी हेच सांगत आलो होतो. पण मी गेलो नाही, आणि भीतीने थांबलो असंही नाही. मला चेव आला. जे कुणाला जमणार नाही ते मी सहा दिवसांत करून दाखवेन असं वाटलं. माझ्याकडे या देशात कुणाकडेच नसलेली एक गोष्ट होती.

मंगळवारी दुपारी कूपरला शेडच्या मागे गवतावर नेलं. चढाई करायला सेमिसीला बोलावलं. सवयीने मी चपला काढल्या आणि म्हटलं, "बूट काढा." आमच्याकडे पकड अनवाणीच शिकतात. दोघांनी काढले. कूपरला दाखवलं की समोरून अडवायचं नाही, तुडवला जाशील. जाऊ दे, मागून कंबर धर आणि बस. चौथ्या वेळी सेमिसी आडवा झाला. एकशे बारा किलोचा माणूस अठ्ठ्याहत्तर किलोच्या पोराने झोपवला. कूपर हसायला लागला. सोमवारपासून त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. ते परत आलं. मलाही असं वाटलं की इस्लामपूरच्या मैदानावर टाळ्या पडताहेत.

बुधवारीही अनवाणी. गुरुवारी संघाचा सराव होता, त्यामुळे सगळे खिळ्यांच्या बुटांत. कूपरने एकदा तीच पकड केली, आणि सेमिसी ओरडला.

मी धावत गेलो. घोटा सुजायला लागला होता. काय झालं ते मला तिथेच, त्या क्षणी कळलं, हे मी आज लिहून देतो. अनवाणी पाय मातीवरून सरकतो, फिरतो, सुटतो. खिळ्यांचा बूट जमिनीत रुतून बसतो. वरून माणूस पायावर बसला की सरकायला जागाच राहत नाही. जिल्हाभर गाजलेली माझी पकड मातीसाठी होती आणि उघड्या पायांसाठी होती. जेवणाच्या खोलीत मिक पडला तो तेलकट फरशीमुळे. वीस वर्षं बुटांच्या नाड्यांवर पट्ट्या बांधणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

दुखापतीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "ओलं गवत." आठ दिवस पाऊस नव्हता.

कूपरला म्हणालो, "जरा बाजूला बस. पायांवर नको." बस, एवढंच. त्याने मान डोलावली. तीन दिवसांत शिकलेली गोष्ट सामन्याच्या धुमश्चक्रीत बाजूला कशी करायची, ते मी त्याला सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

रविवारी तो शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरला. मिक मुलगी-जावयासह वर बसला होता. पहिली पकड सुरेख झाली. दुसरी त्याहून सुरेख. लोक उभे राहिले. मिकने टोपी हवेत फिरवली ती मला खालून दिसली. तिसऱ्या वेळी समोरून जो मुलगा चेंडू घेऊन आला त्याचं नाव डेक्लन. वीस वर्षांचा, मोठ्या संघातला त्याचा दुसराच सामना. कूपर बरोबर मागे गेला, बरोबर कंबर धरली, आणि बसला. पायांवर.

ज्या आवाजाची मुलांना सवय व्हावी म्हणून मी त्यांना कडेला उभं करायचो, तो हा आवाज नव्हता. डेक्लनचा पाय घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडला. कूपर त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून "सॉरी, मेट, सॉरी" म्हणत राहिला. त्याला उठवायला मीच गेलो.

त्या पकडीला तेव्हा आजच्यासारखं सरसकट नाव नव्हतं. आज नाव आहे, नियम आहे, लहान मुलांनाही माहीत आहे. तरी चौकशी लागली. सिडनीला जायचं होतं. मी आणि कूपर ट्रेनने निघालो, ग्रेग गाडीने परस्पर येणार होता. ट्रेन समुद्राच्या कडेने जाते. एरवी मी पाहुण्यांना मुद्दाम त्या बाजूला बसवतो. कूपर मांडीवर टाय ठेवून बसला होता. त्याला बांधता येत नव्हता.

मी टाय बांधून दिला. तो म्हणाला, "शिंडी, कुणी शिकवलं असं विचारलं तर काय सांगू?"

मी समुद्राकडे बघत म्हणालो, "वकील सांगेल तसं."

वकिलाने सांगितलं की हा अननुभवी खेळाडू आहे, हातून चूक झाली, आमच्या क्लबमध्ये असलं काही शिकवलं जात नाही. मग समोरच्यांनी कूपरला थेट विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी मागच्या रांगेत होतो. माझे हात खुर्चीच्या कडेवर आले, उठायला. शेजारी बसलेल्या ग्रेगने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जोराने नाही, नुसता ठेवला.

"कुणी नाही," कूपर म्हणाला. "माझं मीच."

त्याला नऊ आठवड्यांची बंदी झाली. बंदी संपते, नाव संपत नाही. फोनवर, मैदानावर, दुकानात लोक त्याला 'ग्रब' म्हणू लागले. घाणेरडा खेळणारा, असा त्याचा इथला अर्थ. पुढे दोन सामने खेळला, दोन्ही वेळा पकड करायच्या ऐनवेळी हात मागे घेतले. वर्षाअखेर क्लबने त्याला सोडला. तो इलेक्ट्रिशियन झाला. डेक्लन वर्षाने परत उभा राहिला, पण मोठ्या संघात पुन्हा आला नाही.

आणि मिक. त्या आठवड्यात मिक आमच्याकडे आला. स्वयंपाकघरात बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "माझ्या बापाने खेळात कुणाला इजा केली नाही, मी केली नाही. हा पोरगा तुझ्या हाताखाली होता, शिंडी. ही घाण त्याने आणली कुठून?"

मी म्हटलं, "माहीत नाही, मिक." जेवणाच्या खोलीतल्या त्या पडण्याची आणि या मोडलेल्या पायाची सांगड त्याने घातली नाही, मीही घालून दिली नाही.

माझ्या बायकोने, सुनंदाने, गॅस बंद केला आणि ती बाहेर गेली. रात्रीच्या जेवणाला तिने एकच वाक्य म्हटलं. "अहो, त्या माणसाने तुम्हाला या गावात उभं केलं." मिक वर्षभर नातवाशी बोलला नाही. नंतर बोलला, पण पुन्हा कुठलाही सामना बघायला गेला नाही. तीन वर्षांपूर्वी मिक गेला. त्याची शवपेटी उचलणाऱ्यांत एका बाजूला कूपर होता, दुसऱ्या बाजूला मी.

काही मित्र म्हणतील, आता हे उकरून काय मिळणार? म्हातारपणी माणूस हळवा होतो. मी हळवा झालेलो नाही. मला राग आहे, आणि तो आधी माझ्यावर आहे. पण सगळा माझ्यावर नाही. सहा दिवसांत मुलगा उतरवायचा हुकूम ज्याने दिला त्याच्यावर आहे, आणि 'आमच्याकडे असलं शिकवलं जात नाही' हे वाक्य अजून ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्यावरही आहे. शिकवलं जात होतं. शेडच्या मागे, मंगळवारी आणि बुधवारी, दुपारी चार वाजता. मी शिकवत होतो.

यंदा कूपरने क्लबकडे अर्ज केला. सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवायचं होतं त्याला. समितीत कुजबुज सुरू झाली की पालक काय म्हणतील, त्याचं नाव खराब आहे. त्याच सुमारास पुस्तिका आली आणि माझे दोन परिच्छेद कापले गेले. ग्रेग आता क्लबचा अध्यक्ष आहे. मी त्याला फोन केला.

"मेट, जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. "तुझंच नाव खराब होईल."

"माझं आहे ना? मग होऊ दे."

वार्षिक सभा रविवारी सकाळी होती. सभासद म्हणून मला बोलायचा हक्क आहे. मी उभा राहून सगळं सांगितलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, ओलं गवत. खाली कुणीतरी म्हणालं, "शिंडी, तू पाणी द्यायचास, कशाला स्वतःवर घेतोस?" म्हणजे खोटं बोलतोय असंच वाटलं त्यांना. मिकचा मित्र, नातवासाठी पदर पसरतोय.

मागून एक जाड आवाज आला. "आठ दिवस पाऊस नव्हता." सेमिसी. आता संसारी माणूस, समितीत आहे. "तो घोटा माझा होता. मी तेव्हाही म्हणालो होतो, गवत कुठे ओलं आहे?"

मी म्हटलं, "सगळे बाहेर चला. दाखवतो."

गवतावर आलो. मी सेमिसीकडे बघितलं. त्याने दोन्ही हात वर केले. "माझ्यावर नको. माझं एकदा झालंय." लोक हसले. मग मी ग्रेगला म्हटलं, "तू ये. कपड्यांच्या खोलीतून खिळ्यांचे बूट घाल."

सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणता येईना. बूट घालून तो आला. साठीचा असला तरी गडी अजून भरलेला आहे. मी चपला काढल्या. त्याच्या मागे गेलो, कंबरेला मिठी मारली. बसलो नाही. नुसतं हळूहळू, एक-एक बोट करत, वजन त्याच्या डाव्या पायावर सोडत गेलो. बूट जमिनीत रुतला. मला त्याच्या पाठीतून कळत होतं की तो पाय सोडवायला बघतोय आणि पाय सुटत नाहीये.

"थांब," ग्रेग म्हणाला. मग मोठ्याने, "थांब, थांब!"

मी म्हटलं, "अजून मी बसलेलो नाही, ग्रेग."

मी मिठी सोडली. तो गवतावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. मान वर न करता म्हणाला, "तेव्हा का नाही बोललास?"

"तू गुडघ्यावर हात ठेवलास म्हणून. आणि मी तो झटकला नाही म्हणून."

यापुढे सभेत काय झालं ते कंटाळवाणं आहे. कूपरला एका हंगामापुरतं, मदतनीस म्हणून घ्यायचं ठरलं. अर्धी भाकरी. तीसुद्धा सेमिसीने हट्ट धरला म्हणून.

कूपर सगळा वेळ कुंपणाला टेकून उभा होता. पार्किंगमध्ये मी त्याच्याजवळ गेलो. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "आजोबांनी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, व्हिडिओत बघितलं."

"का?"

"त्यांचा तूच एक मित्र होतास." मग गाडीच्या किल्ल्या हातात खेळवत म्हणाला, "सात वर्षं, शिंडी. सात वर्षं मी वाट बघत होतो की तू बोलशील. आजोबा होते तेव्हा बोलला असतास तर..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही, आणि मीही माफी मागून ते पुरं केलं नाही. माफीने फक्त माझं ओझं उतरलं असतं. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

गाडीत बसताना त्याने काच खाली केली. "मंगळवारी ये. साडेचारला. मुलांना दाखवायचंय काय करायचं नाही ते. आणि या वेळी बूट घालून ये."

डेक्लनला मी पत्र लिहिलं आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही. यावं असा माझा काही हक्क नाही.

सोमवारी मी खिळ्यांचे बूट विकत घेतले, आयुष्यात पहिल्यांदा. दुकानातल्या पोरीने विचारलं, "नातवासाठी का?" म्हटलं, "नाही, मलाच." तिने माझे पाय मोजले आणि "नो वरीज" म्हणाली, जणू चौऱ्याहत्तर वर्षांची माणसं रोजच येतात.

मंगळवारी साडेचारला गेलो. अठरा मुलं गोल करून गवतावर बसली होती. काहींचे पालक कुंपणाबाहेर हाताची घडी घालून उभे होते, ते कूपरला बघायला आले होते, हे कळत होतं. नवे बूट चावत होते. गवतात प्रत्येक पाऊल रुतत होतं आणि ओढून काढावं लागत होतं.

कूपर मध्ये उभा राहिला. कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्याबद्दल तुम्ही काय ऐकलंय ते मला माहीत आहे. ती पकड मी केली. आणि हा शिंडी. मला ती याने शिकवली."

पुस्तिकेतून कापलेलं वाक्य ते हेच. मी पुढे गेलो.